निरंक

सरकारी मराठीत 'निरंक' हा एक फार सोयीचा शब्द आहे. वरिष्ठ कार्यालयाने मागविलेल्या माहितीत कळविण्यासारखे काही नसेल, तर तक्त्यातील रकान्यात हा शब्द लिहावा, खाली सही-शिक्का करावा आणि कागद पुढे धाडावा. केंद्राच्या कचेऱ्यांत त्यालाच 'निल रिपोर्ट' म्हणतात. माझी सारी नोकरी आकड्यांच्या खात्यांत गेल्यामुळे असे तक्ते मी हजारोंनी पाहिले आहेत. त्यावरून एक भेद मनात पक्का झाला आहे. शून्य हा आकडा मोजून आलेला असतो. निरंक न मोजताही लिहिता येते.

सध्या माझा मुक्काम बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरम भागात आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांना हे नाव रेल्वे स्थानकामुळे, झुलत्या पुलामुळे किंवा व्हाइटफिल्डला जाताना लागणाऱ्या वाहनांच्या कोंडीमुळे ठाऊक असेल. अलीकडे, २०२३ साली, मेट्रोही आली. परंतु या भागाची जुनी ओळख कारखान्यांची आहे. दूरवाणीनगरची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ सालची. एकेकाळी हजारो कामगार, त्यांची वसाहत, शाळा आणि स्वतःचे रुग्णालय असा तिचा संसार होता. तिथून थोड्याच अंतरावर महादेवपुरा आणि दोड्डनेकुंदीच्या औद्योगिक वसाहतींत लहान-लहान कारखाने आहेत. पत्र्याचे छप्पर, दोन प्रेस मशीन, एक लेथ, दहा-पंधरा माणसे. संगणकक्षेत्राच्या काचेच्या इमारती आल्या तरी हे पत्रे पूर्णपणे हटलेले नाहीत. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत सरकले आहेत इतकेच.

या गल्ल्यांतून जाताना पुष्कळ कारखान्यांच्या फाटकाशी एक फलक दिसतो. 'अपघातविरहित दिवस' असे शब्द आणि पुढे खडूने लिहिलेला आकडा. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या सुमारास हे फलक नव्याने रंगविले जातात. आकडा शेकड्यांत असतो. पाहणाऱ्याला समाधान वाटावे अशीच ती योजना असते.

आता देशाचा फलक पाहू. कारखान्यांतील अपघातांची आकडेवारी राज्यांच्या मुख्य कारखाना निरीक्षकांकडून केंद्राकडे येते. एक प्रवाह १९४६ साली स्थापन झालेल्या लेबर ब्यूरोकडे जातो; दुसरा कारखाना सल्ला सेवा आणि श्रम संस्था महासंचालनालयाकडे, ज्याला खात्यात सारेजण 'डीजीफासली' म्हणतात. या महासंचालनालयाच्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२० या चार वर्षांत देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरी १,१०९ कामगार मृत्युमुखी पडले आणि चार हजारांच्या थोडे वर जखमी झाले. रोजचे तीन मृत्यू आणि अकरा जखमी. ही बातमी २०२२ साली वृत्तपत्रांत आली तेव्हा तिच्यातील मृत्यूंवर थोडीफार चर्चा झाली. माझे लक्ष मात्र जखमींच्या आकड्यावर खिळले. दर मृत्यूमागे चारसुद्धा जखमी नाहीत, हे कसे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निरपेक्ष आकड्यापेक्षा गुणोत्तर अधिक बोलके वाटते. ज्याने कारखाना आतून पाहिला आहे त्याला ठाऊक असते की यंत्र माणसाला एकदम मारीत नाही. ते आधी शेकडो वेळा खरचटते, चिरडते, भाजते. त्यातला एखादा प्रसंग जिवावर बेततो. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने २०२३ सालासाठी दिलेले आकडे असे आहेत : कामावरील मृत्यू ५,२८३ आणि खासगी क्षेत्रातील दुखापती व आजार सुमारे २६ लाख. म्हणजे एका मृत्यूमागे जवळजवळ पाचशे. त्यांच्या व्याख्येत किरकोळ दुखापतीही येतात, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून ज्या प्रसंगांत कामाचा किमान एक दिवस बुडाला तेवढेच घेतले, तरी साडेनऊ लाखांच्या आसपास भरतात. मृत्यूमागे सुमारे एकशे ऐंशी. आपल्या कायद्यात ४८ तास किंवा अधिक काळ काम बंद पडेल अशी दुखापत कळवावी लागते, म्हणजे आपले जखमी त्याहून काहीसे कमी असणार. अमेरिकेच्या मृत्यूंत रस्त्यावरचे आणि शेतातले मृत्यूही धरलेले असतात, त्यामुळे तुलना ढोबळ आहे हेही मान्य. पण कितीही सवलत दिली तरी एकशे ऐंशीचे चार होत नाहीत. आपल्या यंत्रांना असे कोणते वळण लागले आहे, की ती माणसाला जखमी करीत नाहीत, थेट मारूनच टाकतात?

याहून विलक्षण गोष्ट आपल्याच जुन्या वार्षिकांत सापडते. लेबर ब्यूरोची १९८० च्या आसपासची इयरबुके पाहावीत. कायदा तोच, १९४८ चा. ४८ तासांची अटही तीच. त्या काळी वर्षाला सहाशे-सातशे मृत्यू आणि तीन लाखांच्या आसपास दुखापती नोंदल्या जात. मृत्यूमागे साडेचारशेहून अधिक! तेव्हा आपले गुणोत्तर आजच्या अमेरिकेशी जुळत होते. पुढच्या चाळीस वर्षांत मृत्यू सहाशे-सातशेंवरून अकराशेंवर गेले आणि दुखापती तीन लाखांवरून चार हजारांवर आल्या. कारखाने सुरक्षित झाले असते तर मृत्यूही उतरले असते. मृत्यू वाढत असताना जखमा नाहीशा होतात, याचा अर्थ एकच निघतो. मृत्यू लपविता येत नाही. पोलीस येतात, पंचनामा होतो, प्रेत गावी न्यावे लागते. बोट लपविता येते.

हे कसे घडले याची कारणे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. पूर्वी दुखापतींची मोठी संख्या कापड गिरण्यांतून आणि रेल्वेच्या कार्यशाळांतून येत असे. तिथे यंत्रे धोक्याची होती हे खरेच. पण तिथे दवाखाना होता, वेल्फेअर ऑफिसर होता, युनियन होती आणि हजेरीपटावर नाव असलेला कायम कामगार होता. जखम झाली की ती आपोआप चार ठिकाणी लिहिली जाई. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. काम नाहीसे झाले नाही. ते भिवंडीला, सुरतेला, लहान शेडमध्ये, ठेकेदाराच्या माणसांकडे गेले. त्या माणसाचा मालक कोण, हाच प्रश्न जिथे सुटत नाही, तिथे त्याचे बोट कोणाच्या नावावर लिहायचे? दुसरीकडे निरीक्षकांची पदे रिकामी राहत गेली, आणि वार्षिक विवरणपत्रे न पाठविणाऱ्या कारखान्यांना व राज्यांना कोणी जाब विचारला नाही. केंद्रात बसलेला अधिकारी बेरीज करतो. न आलेल्या कागदाची बेरीज निरंकच होते.

परंतु खरे कारण यापेक्षा साधे आहे, असे मला वाटते, आणि ते मला महादेवपुऱ्याच्या एका शेडमध्ये नीट समजले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो वाईट म्हणून मी त्याचे उदाहरण देत नाही, चारचौघांसारखा म्हणून देतो. तिथले वयस्कर फोरमन बेळगावचे, उमेदीची वर्षे उद्यमबागेत काढलेले. परमुलखात मराठी माणूस भेटला की जो मोकळेपणा येतो तो त्यांच्या बोलण्यात होता. कामाची माहिती घेऊन झाल्यावर चहा घेताना माझी नजर प्रेसवर बसलेल्या एका ओडिया मुलाच्या उजव्या हाताकडे गेली. तर्जनीचे वरचे पेर नव्हते. अपघातांच्या नोंदवहीत त्या वर्षाच्या पानावर काहीच लिहिलेले नव्हते.

"हे इथंच झालं का हो?" मी विचारले.

"इथंच की, साहेब. मागल्या पावसाळ्यात."

"मग वहीत नाही ते?"

फोरमन हसले. "साहेब, कारखान्यात बोट सापडलं म्हटलं की चौकशी लागते. खोलीवर दारात सापडलं म्हटलं की नुसती मलमपट्टी. पोरालाही सांगितलं, तसंच सांग म्हणून. औषधाचे पैसे मालकांनी दिले की. वाऱ्यावर सोडलं नाही त्याला."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. मालकाने पैसे दिले होते, मुलाला कामावरून काढले नव्हते आणि फोरमनच्या मनात काही कपट नव्हते. तरीही त्या एका 'दारा'ने काय हिरावून घेतले याचा हिशेब मी तिथेच चहाच्या टेबलावर केला, आणि तो वाचकांनीही पाहावा. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कामावरच्या दुखापतीसाठी तोच दर ९० टक्के असतो आणि बरे होईपर्यंत मिळतो. हा फरक लहान आहे. मोठा फरक पुढे आहे. कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या प्रत्येक भागाची किंमत ठरलेली आहे : तर्जनी पूर्ण गेली तर उपार्जनक्षमतेची हानी १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. समजा मुलाचे वेतन १५,००० रुपये. त्याच्या ९० टक्के म्हणजे १३,५००. त्याचे ९ टक्के म्हणजे महिन्याला १,२१५ रुपये, आणि तेही जन्मभर. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होता. चाळीस वर्षांचा हिशेब केला तर व्याज न धरताही ही रक्कम पावणेसहा लाखांवर जाते. जखम दारात झाली असे सांगितल्यावर यातला एक रुपयाही त्याला मिळणार नाही.

मी मोडक्या हिंदीत हे त्याला समजावून सांगितले. त्याने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "साहब, लिखवाएंगे तो काम रहेगा?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच कलमात नाही. दोन-तीन महिन्यांनी मी पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा तो तिथे नव्हता. होसूरकडे कुठेतरी लागला आहे, असे फोरमननी सांगितले.

तेव्हा प्रश्न असा आहे की नोंद केल्याने कोणाचे काय बिघडते आणि कोणाचे काय साधते. मालकाने नोंद केली तर निरीक्षक येणार, मोठ्या कंपनीकडून येणाऱ्या ऑर्डरीसाठी जे सुरक्षेचे गुण मिळतात ते घटणार, फाटकावरचा फलक पुन्हा एकपासून सुरू होणार. सुपरवायझरचे बक्षीस जाणार. कामगाराची नोकरी जाण्याची धास्ती. लाभ कोणाला? फक्त त्याच कामगाराला, आणि तोही त्याला ठाऊक असेल तर. गुरगाव-मानेसर, फरीदाबाद आणि पुढे पुणे परिसरात वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतील जखमी कामगारांसाठी 'सेफ इन इंडिया' ही संस्था काम करते. २०१९ पासून तिचे अहवाल येत आहेत. त्यांत वारंवार आढळणारी एक गोष्ट अशी, की पुष्कळ कामगारांचे ईएसआय कार्ड अपघात झाल्यावरच निघते. कायद्याने ते नोकरीच्या पहिल्या दिवशी निघायला हवे. बोट तुटेपर्यंत तो माणूस सरकारदरबारी अस्तित्वातच नसतो.

हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे निवेदन केले, ज्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या, त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक असते. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : काम करताना इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे पंगुत्व आले तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. लोखंड्यांनी जखम कामगाराच्या हक्काशी जोडली. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. पुढे कारखान्यांच्या कायद्याने मात्र जखमेची वार्ता मालकाकडून निरीक्षकाकडे जाणाऱ्या कागदात बसविली, आणि त्या वाटेवर ती हरवते आहे.

जखमांची ही कथा, तर आजारांची काय सांगावी? कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २९ रोग दिलेले होते. शिसे, पारा, बेंझिन यांची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, गिरणी कामगारांचा बिसिनोसिस. यांपैकी रोग झालेला कामगार तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवायचे; न कळविल्यास दंड हजार रुपयांपर्यंत. मला आजवर असा एकही डॉक्टर भेटलेला नाही ज्याला हे कलम ठाऊक होते, मग कळविण्याची गोष्ट दूरच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ साली दिलेला जागतिक अंदाज असा, की कामामुळे दरवर्षी होणाऱ्या २९ लाखांहून अधिक मृत्यूंपैकी सुमारे २६ लाख रोगांमुळे होतात आणि अपघातांमुळे ३ लाख ३० हजार. म्हणजे एकास आठ. आपल्या तक्त्यात रोगांचा रकाना बहुतेक निरंकच असतो.

मोजायचे ठरविले तर रोगही मोजता येतो, याचा दाखला के. आर. पुरमपासून फार लांब नाही. इथल्या फलाटावरून मारिकुप्पमला जाणाऱ्या गाडीत बसले की दोनेक तासांत कोलारच्या सुवर्णखाणी लागतात. १८८० पासून तिथे जॉन टेलर कंपनीचे काम चाले. पुढे सरकारी मालकी आली आणि २००१ साली खाणी बंद झाल्या. १९४० च्या दशकात तिथे साडेसात हजारांहून अधिक खाणकामगारांची पद्धतशीर तपासणी झाली आणि चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस आढळला. डॉक्टर कळवतील याची वाट कोणी पाहिली नाही. क्ष-किरण यंत्र घेऊन माणसांपाशी गेले, म्हणून आकडा निघाला. अलीकडचे उदाहरण राजस्थानचे. तिथे २०१९ च्या धोरणाने सिलिकोसिसचा दाखला मिळालेल्या कामगाराला आर्थिक साहाय्य मिळू लागले, अर्ज कामगाराने स्वतः करायचा, मालकाच्या कागदाची गरज नाही. लगेच दगडखाणींतून आणि कोरीवकामाच्या शेडमधून हजारोंनी रुग्ण पुढे आले. त्यात काही खोटे दाखलेही निघाले, हे खरे. पण रोग त्या वर्षी उद्भवला नव्हता, एवढे कोणीही मान्य करील.

बांधकामाचा विषय आणखी निराळा. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुसळधार पावसात, आमच्याच बाजूला होरमावूजवळच्या बाबुसापाळ्यात एक बांधकामाधीन बहुमजली इमारत कोसळली. आठ-नऊ मजूर गेले, त्यांत बिहारचे अनेक. मृतांचा आकडा वृत्तपत्रांत दिवसादिवसाने चढत गेला. ढिगारा उपसताना जे निघाले तेच नोंदले गेले. ती इमारत 'कारखाना' नव्हती, म्हणून वर दिलेल्या अकराशेंच्या सरासरीत असे मृत्यू मुळात येतच नाहीत. शेतातले, ऊसतोडीचे, सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्यांचे मृत्यूही येत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आहे. तिने तेरा जुने कायदे एकत्र केले. अपघाताची सूचना कारखान्यापुरती न ठेवता 'आस्थापने'ला लागू केली, हे चांगले झाले. मात्र कारखान्याच्या व्याख्येत, वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी विसाऐवजी चाळीस कामगारांची अट आली. महादेवपुऱ्याची ती शेड आता कारखाना राहिलेली नाही. रोगांच्या परिशिष्टाची रचना जवळजवळ तीच आहे. आणि सूचना कोणी द्यायची? मालकाने. कोणाला? ज्याला कारवाईचे अधिकार आहेत त्यालाच. पदाच्या नावात आता 'सुविधाकार' हा शब्द जोडला आहे.

इथे मला माझ्या खात्याचा अनुभव सांगितला पाहिजे. (या लेखातील मते माझी वैयक्तिक आहेत, हे नेहमीप्रमाणे गृहीत धरावे.) वार्षिक औद्योगिक सर्वेक्षणात सरकारची माणसे दरवर्षी हजारो कारखान्यांत जातात आणि विस्तृत प्रश्नावली भरून घेतात. कोळसा किती, वीज किती, कर्जावर व्याज किती, यंत्रांचा घसारा किती, सारे विचारतात. रोजगाराच्या भागात किती मनुष्यदिवस काम झाले हे अगदी नेमके मागतात. पुरुष, स्त्रिया आणि ठेकेदाराची माणसे वेगवेगळी. मालक कुरकुरतात, पण देतात. का देतात? कारण ही माहिती २००८ च्या सांख्यिकी संकलन अधिनियमाखाली घेतली जाते आणि त्या कायद्याच्या नवव्या कलमानुसार ती फक्त सांख्यिकीसाठीच वापरता येते. आयकरवाल्याला किंवा निरीक्षकाला ती देता येत नाही. या एका आश्वासनावर देशाच्या औद्योगिक उत्पन्नाचा अंदाज उभा आहे. याच प्रश्नावलीत कामगाराच्या दुखापतीबद्दल मात्र एकही ओळ नाही.

म्हणजे ज्याच्यापाशी शिक्षेचा अधिकार नाही त्याने विचारलेच नाही, आणि ज्याच्यापाशी तो आहे त्याला खरे कोणी सांगितले नाही. अमेरिकेत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत : सुरक्षा कायद्याची अंमलबजावणी एका संस्थेकडे, वार्षिक सर्वेक्षण दुसरीकडे आणि त्यातील उत्तरे गोपनीय. शिवाय मालकाने ठेवलेल्या नोंदवहीचा वार्षिक गोषवारा फेब्रुवारी ते एप्रिल कामगारांना दिसेल असा भिंतीवर लावावा लागतो. ज्याचे बोट गेले तो स्वतः तपासू शकतो. तिथेही नोंदी चुकविल्या जातात, त्यावर त्यांच्या संसदेने आणि विद्वानांनी मोठमोठे अहवाल लिहिले आहेत. ब्रिटनने तर मालकाला वगळून घरोघरी जाणाऱ्या रोजगार सर्वेक्षणातच प्रश्न घातला. २०२३-२४ साली कामावर दुखापत झाली असे सुमारे सहा लाख लोकांनी स्वतः सांगितले. मालकांनी कळविलेल्या दुखापती साठ हजारांच्या आसपास. व्याख्या वेगळ्या आहेत, तरी किती सुटते याचा अंदाज येतो, आणि तो तिथले सरकार स्वतःच छापते. आपल्याकडेही नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण घरोघरी जातेच.

काही काळापूर्वी एका बैठकीत मी हे सुचविले. खर्च नगण्य आहे, कायदा आहे, माणसे जातच आहेत. उपस्थितांपैकी बहुतेकांना ते पटले असे चेहऱ्यांवरून वाटले. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी अतिशय सौम्यपणे विचारले, "समजा विचारले, आणि एका वर्षात चार हजारांचे दोन लाख झाले, तर संसदेत त्याचे उत्तर कोण देणार?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. दोन लाख हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. वर दिलेल्या एकशे ऐंशीच्या गुणोत्तराने अकराशे मृत्यूंमागे साधारण तेवढेच येतात. आकडा वाढणे म्हणजे अपघात वाढणे, असेच वृत्तपत्रे लिहिणार, विरोधक विचारणार, हेही खरे. मी म्हटले की पहिली तीन वर्षे 'नव्या पद्धतीने घेतलेले, जुन्याशी तुलना करू नये' असे ठळक अक्षरांत छापावे. आपण राष्ट्रीय उत्पन्नाची मालिका बदलतो तेव्हा तेच करतो. तीन लाखांचे चार हजार झाले तेव्हा मात्र संसदेत कोणालाच उत्तर द्यावे लागले नव्हते, हेही मी जोडले. विषय 'पुढील विचारार्थ' ठेवण्यात आला. फाइल अजून बंद झालेली नाही.

प्रश्नाचा मसुदा मी करून ठेवला आहे. 'अपघात' हा शब्द त्यात मुद्दाम घेतलेला नाही, कारण तो कानावर पडताच समोरचा माणूस सावध होतो. मनुष्यदिवसांच्या ओळीखालीच आणखी एक ओळ घालायची, कायम कामगारांसाठी आणि ठेकेदाराच्या माणसांसाठी वेगवेगळे रकाने ठेवून : काम करताना लागल्यामुळे वर्षभरात किती जणांचे किती दिवस बुडाले? दोन दिवसांपेक्षा कमी बुडालेले असतील तरी लिहावेत. आणि तळाशी क्षेत्र अधिकाऱ्यांसाठी सूचना : हा रकाना रिकामा असल्यास कारण विचारावे, 'निरंक' हा शब्द स्वीकारू नये, मोजून शून्य आले असेल तर शून्य लिहून घ्यावे.